डॉ. सिम्स आणि त्या तिघी

अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात १८१३ मध्ये जन्मलेल्या डॉ. जेम्स मॅरियन सिम्स यांचा आधुनिक स्त्रीरोगशास्त्राचे जनक म्हणून दीर्घकाळ गौरव झाला. त्या काळी बाळंतीण अनेक दिवस अडली, की बाळाच्या डोक्याच्या दाबाने मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडद्याचा रक्तपुरवठा तुटे आणि तेथे छिद्र पडे. मग लघवी अहोरात्र झिरपत राही. दुर्गंधी, जखमा आणि लाज यांमुळे ती स्त्री आपल्याच घरात परकी होई. यावर खात्रीचा इलाज नव्हता.

अलाबामातील मॉन्टगोमेरी येथे सिम्स यांनी १८४५ पासून तो शोधला, पण गुलामीत असलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या देहांवर. त्यांपैकी अनार्का, बेट्सी आणि लूसी एवढीच नावे मागे उरली. नकार देण्याचा अधिकार त्यांना नव्हता. एकट्या अनार्कावर, भूल न देता, सुमारे ३० शस्त्रक्रिया झाल्या. अखेर १८४९ मध्ये चांदीच्या तारेच्या टाक्यांनी ते छिद्र बुजले. १८५२ मध्ये सिम्स यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली, १८५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांसाठी रुग्णालय उभारले. १८८३ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या पद्धतीने पुढे अनेक स्त्रियांना कोरडे अंथरूण आणि चारचौघींत बसण्याचा धीर परत दिला, हे नाकारता येत नाही. मात्र त्याची किंमत कोणी मोजली, हे उच्चारायला दीड शतक लागले. २०१८ मध्ये सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा हटवला गेला. २०२१ मध्ये मॉन्टगोमेरीत त्या तिघींची शिल्पे उभी राहिली.