जोडताऱ्यांचा वेध

वैशाखातील निरभ्र रात्री महाडहून पोलादपूरच्या दिशेस पाहिले, तर सह्याद्रीच्या रांगेवरून वृश्चिक राशी वर येताना दिसते. तिच्या मस्तकाशी, अनुराधा नक्षत्राच्या उत्तरेकडील ताऱ्यालगत, एक फिकट तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो एकच भासतो. दुर्बिणीतून त्याच्या जागी दोन तारे दिसतात, हे ज्योतिर्विदांना ठाऊक होते. परंतु त्या दोहोंतील मंद तारा स्वतःच जोडतारा आहे, हे १८४७ साली पुण्यातील एका लष्करी इंजिनिअरांच्या ध्यानात आले. त्यांचे नाव विल्यम स्टीफन जेकब. त्या ठिकाणी निदान सात तारे आहेत, हे पुढे कळले.

जेकब यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८३१ साली ते ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीसाठी मुंबईस यावयास निघाले. काही वर्षे त्यांनी भूमापनाचे काम केले. पण त्यांचे मन रमे ते आकाशात. १८४२ साली त्यांनी पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. दुर्बीण अवघी पाच फुटांची; तरी तिच्या साहाय्याने त्यांनी २४४ जोडताऱ्यांची यादी सिद्ध केली. जोडतारे म्हणजे परस्परांच्या आकर्षणाने बांधलेले सूर्यच. त्यांच्या एका प्रदक्षिणेस कित्येकदा शतकही लागते. म्हणून त्यांच्यातील अंतर व दिशा वर्षानुवर्षे मोजीत राहावे लागते. असले काम उतावळ्या माणसाचे नव्हे.

१८४८ च्या अखेरीस मद्रासच्या वेधशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली. भुजंगधारी तारकासमूहातील एका जोडताऱ्याची गती गणिताशी जुळेना, तेव्हा एखादा अदृश्य ग्रह त्यास ओढीत असावा, असे अनुमान त्यांनी १८५५ साली मांडले. ते चुकीचे ठरले. रीत मात्र खोटी नव्हती. सूर्याच्या शेजारच्या, धातूंचा अंश अल्प असलेल्या अतिप्राचीन ताऱ्यांचे न दिसणारे सोबती आजही त्यांच्या ओढीवरूनच ओळखले जातात.

प्रकृती ढासळल्यामुळे १८५९ साली जेकबांनी पद सोडले, ध्यास सोडला नाही. उंचावरील विरळ हवेत तारे अधिक स्पष्ट दिसतात. म्हणून पुण्याच्या परिसरातील डोंगरावर वेधशाळा उभारावी, असे त्यांनी ठरविले. ब्रिटिश पार्लमेंटने त्यासाठी १,००० पौंड मंजूर केले. नऊ इंची भिंगाची दुर्बीण जेकबांनी स्वतः विकत घेतली, आणि ८ ऑगस्ट १८६२ रोजी, ऐन पावसाळ्यात, ते मुंबईस उतरले. बोरघाटातील लोहमार्ग तेव्हा पुरा व्हावयाचा होता. घाट चढून ते पुण्यास पोहोचले, आणि १६ ऑगस्टला तेथेच त्यांचे निधन झाले. त्या दुर्बिणीतून त्यांना एकही रात्र पाहावयास मिळाली नाही.