विश्लेषण : वाहन उद्योग आज कोट्यवधींना रोजगार देतो, मग ब्रिटिशांनी वालचंद हिराचंद यांचा मोटार कारखाना का रखडवला?

देशातला वाहन उद्योग प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून ३ कोटींहून अधिक लोकांना रोजगार देतो. जीएसटीच्या एकूण वसुलीत त्याचा वाटा १४ ते १५ टक्के असल्याचं उद्योग संघटना सांगतात. पण असा कारखाना इथे उभा करण्यासाठी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं.

वालचंद यांचा जन्म १८८२ चा. घरचा धंदा सोडून ते रेल्वेच्या कंत्राटांत उतरले आणि १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनीच्या स्थापनेत पुढे राहिले.

गाड्या तर मुंबईत बनतच होत्या ना?

बनत नव्हत्या, जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत जुळवणी सुरू केली. सुटे भाग परदेशातून खोक्यांत यायचे, इथे नट-बोल्ट आवळले जायचे. सरकारी तिजोरीत आयात शुल्क पडायचं, पण खरा रोजगार ओतकाम, गिअर, अॅक्सल यांच्या कामात असतो आणि तो तिकडेच राहायचा.

भारतातच मोटार बनवण्याची योजना सर विश्वेश्वरय्या यांनी आखली होती. मुंबईच्या खेर सरकारने मदतीची तयारी दाखवली, पण १९३९ मध्ये मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. त्याच वर्षी वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, १९४० मध्ये क्रायसलरशी जमलं. मात्र हा कारखाना युद्धासाठी गरजेचा आहे, हे ब्रिटिश सरकारने मान्यच केलं नाही. त्यामुळे यंत्रं आणण्याची वाट अडली. लष्कराला ट्रक हवे असतानाचा हा निर्णय! गंमत म्हणजे याच दौऱ्यातल्या एका ओळखीतून वालचंद यांचा बंगळुरूचा विमान कारखाना १९४० मध्येच उभा राहिला. तो १९४२ मध्ये सरकारने ताब्यात घेतला.

मग प्रीमियर कधी सुरू झाली?

कंपनी १९४४ ची, कारखाना कुर्ल्याचा. पहिली वाहनं बाहेर पडली ती १९४७ मध्ये. तीही सुरुवातीला आयात भागांचीच होती, हे सांगायला हवं. भाग इथे बनवायचे तर साचे, कारागीर, पुरवठादार सगळंच नव्याने उभं करावं लागतं. ते काम हळूहळू सुरू झालं, पण १९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी केंद्र सरकारने धोरण ठरवलं : सुटे भाग भारतात बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनीच इथे थांबावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, आणि तिची फियाट पुढे ‘पद्मिनी’ या नावाने २०२३ पर्यंत मुंबईत टॅक्सी म्हणून धावली.