शेतकऱ्यांचे कैवारी रायफायझेन

जर्मनी देशांत ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील हाम गांवीं ३० मार्च १८१८ रोजीं फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन ह्यांचा जन्म झाला. तरुणपणीं ते सैन्यांत होते. परंतु नेत्रविकारामुळें ती चाकरी सुटली. १८४५ सालीं वायरबुश व आसपासच्या खेड्यांचा कारभार त्यांजकडे आला.

लवकरच पिकें बुडालीं, आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यांत उपासमार सुरू झाली. सरकारांतून पीठ आलें, पण तें रोखीनेंच विकावें असा हुकूम होता. ज्यांच्या घरीं दाणा नाहीं त्यांच्या गांठीं पैसा कोठून असणार? रायफायझेन ह्यांनीं जोखीम आपल्या शिरावर घेऊन पीठ उधार दिलें. सधन लोकांच्या पैशानें गांवभट्टी बांधविली, तेणेंकरून पाव स्वस्त झाला. शेतमाल बाजारीं जावा म्हणून ऱ्हाइनकडे जाणारी सडकही करविली.

दुष्काळ सरला, कर्ज मात्र सरलें नाहीं. गरीब शेतकरी उधारीनें गाय घेई. व्याज तुंबलें कीं गाय जाई, मागोमाग शेतही जाई. १८४९ सालीं फ्लामर्सफेल्ड येथें त्यांनीं ६० सधन गृहस्थांस जामीन उभें केलें, आणि शेतकऱ्यांस पांच वर्षांच्या हप्त्यांनीं जनावरें मिळवून दिलीं.

परंतु धनवानांचा उत्साह कालांतरानें मंदावतो, हें त्यांस अनुभवानें कळलें. म्हणून १८६४ सालीं हेडेसडोर्फ येथें स्थापिलेल्या पतपेढींत, कर्ज घेणारानें स्वतः सभासद झालेंच पाहिजे, असा नियम केला. सर्वांच्या कर्जास सर्व जबाबदार; क्षेत्र लहान, म्हणजे एकमेकांची चालचलणूक ठाऊक; पंच बिनपगारी; अशी त्यांच्या पेढ्यांची रीत पडली. ज्या एकट्या शेतकऱ्यास कोणी दारांत उभें करीत नसे, त्यास शेजाऱ्यांच्या जामिनकीनें पत आली.

शेजाऱ्यावर प्रीति करणें हें ख्रिस्ती मनुष्याचें कर्तव्य होय, ह्या श्रद्धेनें ते हें सर्व करीत. १८६३ सालीं पत्नी वारली, पुढें नोकरी सुटली, दृष्टि जवळजवळ गेली. तरी थोरल्या कन्येच्या हातून लिहवून घेऊन त्यांनीं काम चालविलें. ११ मार्च १८८८ रोजीं ते निवर्तले.

आपल्याकडे १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें गांजलेल्या शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. पण खतें जळालीं म्हणून कर्जाची गरज सरली नाहीं. पुढें मद्रासेकडील फ्रेडरिक निकल्सन ह्यांनीं रायफायझेन ह्यांच्या पद्धतीची शिफारस केली, आणि १९०४ सालीं हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. वाचकहो, पेढीची पेटी सभासदांच्या सचोटीनें भरते. एकानें हप्ता बुडविला तर शेजाऱ्याच्या गायीवर संकट येतें, हें विसरूं नये.