जमशेटजी नसरवानजी टाटा

जमशेटजी नसरवानजी टाटा (३ मार्च १८३९, नवसारी – १९ मे १९०४, बाड नौहाइम, जर्मनी) हे भारतीय उद्योजक व टाटा उद्योगसमूहाचे संस्थापक होते. पोलाद, जलविद्युत आणि विज्ञानसंस्था यांच्या योजनांसाठी ते विशेष ओळखले जातात. त्यांच्या औद्योगिक जीवनाचा पाया मात्र कापडगिरण्यांत घातला गेला. गिरणीतील हवा, कामगारांचे जीवित आणि आगीपासून संरक्षण यांचा विचार त्यांनी उत्पादनाच्या बरोबरीने केला.

प्रारंभिक जीवन

जमशेटजींचा जन्म नवसारी येथील पारशी पुरोहित घराण्यात झाला. त्यांचे वडील नसरवानजी हे व्यापारासाठी मुंबईस आले होते. किशोरवयात जमशेटजीही मुंबईस आले आणि एल्फिन्स्टन संस्थेतून १८५८ साली त्यांनी शिक्षण पूर्ण केले. पुढे वडिलांच्या पेढीच्या कामानिमित्त ते हाँगकाँगला गेले. १८६८ साली त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची व्यापारी पेढी काढली.

चिंचपोकळी ते नागपूर

१८६९ साली जमशेटजींनी चिंचपोकळी येथील दिवाळखोरीत निघालेली तेलाची गिरणी विकत घेतली. तिचे सूतगिरणीत रूपांतर करून त्यांनी तिला अलेक्झांड्रा मिल असे नाव दिले. लालबाग-परळचा परिसर पुढे गिरणगाव म्हणून ओळखला जाऊ लागला, त्या परिसराच्या आरंभीच्या गिरण्यांपैकी ही एक होय. सुमारे दोन वर्षांनी त्यांनी ती नफ्यात विकली आणि वस्त्रोद्योगाच्या अभ्यासासाठी लँकेशायरचा दौरा केला.

परत आल्यावर, मुंबईत नवी गिरणी काढण्याची प्रथा असतानाही, त्यांनी कापूस पिकणाऱ्या प्रदेशाजवळचे नागपूर निवडले. १८७४ साली कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीस भारताची सम्राज्ञी घोषित करण्यात आले त्याच दिवशी, एम्प्रेस मिल सुरू झाली. बेझनजी दादाभाई मेहता हे तिचे व्यवस्थापक होते. आरंभीची यंत्रसामग्री हलक्या प्रतीची ठरली. स्वस्त यंत्र अंती महाग पडते, हा धडा घेऊन जमशेटजींनी ती बदलली. रिंग चात्यांचा वापरही त्यांनी लवकर सुरू केला. १८८६ साली त्यांनी कुर्ल्याची डबघाईस आलेली धरमसी मिल घेऊन स्वदेशी मिल उभारली.

अग्निसुरक्षा व कामगारकल्याण

सूतगिरणीत आगीचे भय कायम असते. कापसाची धूळ आणि तंतू हवेत तरंगत राहतात व छताच्या तुळयांवर साचतात. लाकडी जमिनीत यंत्रांचे तेल मुरते. गाठींतून आलेला लोखंडाचा तुकडा यंत्रात घासला किंवा एखादे बेअरिंग तापले, तरी ठिणगी पुरेशी होते. अशा वेळी वरच्या मजल्यांवरील कामगारांना एका जिन्याचाच आधार असे.

अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी १८७४ साली स्वयंचलित स्प्रिंकलरचे पेटंट घेतले. १८८० च्या दशकाच्या आरंभी फ्रेडरिक ग्रिनेल यांनी त्यात सुधारणा केली आणि मँचेस्टरच्या मॅदर अँड प्लॅट कंपनीमार्फत तो लँकेशायरच्या गिरण्यांत पसरला. छताखालील नळांत दाबाखाली पाणी भरलेले असते. सुमारे ७० अंश सेल्सिअस तापमानास डाख वितळतो आणि आगीच्या वरची तोटीच तेवढी उघडते. भारतात ही यंत्रणा सर्वांआधी स्वीकारणाऱ्या गिरण्यांत एम्प्रेस मिलची गणना होते. तेथे हवा दमट ठेवणारी यंत्रेही बसविण्यात आली. त्यामुळे धागा कमी तुटे आणि कामगारांस उष्म्याचा त्रास कमी होई. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ साली अपघात नुकसानभरपाई सुरू झाली. या गोष्टी कायद्याने बंधनकारक नव्हत्या.

उत्तरायुष्य

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात पोलाद कारखाना, जलविद्युत प्रकल्प व विज्ञानसंस्था या तीन योजनांचा त्यांनी ध्यास घेतला. १६ डिसेंबर १९०३ रोजी मुंबईत त्यांचे ताजमहाल हॉटेल सुरू झाले. जर्मनीत त्यांचे निधन झाल्यावर इंग्लंडमधील ब्रुकवुड येथे त्यांचे दफन करण्यात आले. तिन्ही योजना त्यांच्या पश्चात पूर्ण झाल्या. १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली.

वारसा

१९८२ च्या संपानंतर गिरणगावातील बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर उत्तुंग इमारती उभ्या राहिल्या. गिरणीच्या मनोऱ्यावरील टाकीचे काम आता तळघरातील पंपांकडे आले आहे. तेथे विजेवरचा मुख्य पंप, वीज गेल्यास चालणारा डिझेल पंप आणि नळांतील दाब राखणारा छोटा जॉकी पंप असतो. दाब घटताच पंप आपोआप सुरू होतो. म्हणून दुरुस्तीपूर्वी त्याचा विद्युतपुरवठा तोडून कुलूप लावणे आणि फिरत्या भागांवर जाळी असणे आवश्यक असते. डिझेल पंपाचा धूर बाहेर जाण्याची सोयही लागते. पंप दर आठवड्यास चालवून पाहतात. पाणी वाहू न देता तो फार वेळ चालविल्यास आतील पाणी तापून पंप बिघडतो. चाचणीपूर्वी रहिवासी व सुरक्षारक्षकांस सूचना देतात. चाचणीनंतर झडपा उघड्या आहेत आणि कळ पुन्हा स्वयंचलित स्थितीत आहे, याची खात्री करावी लागते. हे राहून गेल्यास सुस्थितीतील यंत्रणाही आगीच्या वेळी कोरडी राहते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यांस ही यंत्रणा चालू स्थितीत ठेवावी लागते. परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत द्यावे लागते. जमशेटजींनी स्वेच्छेने पत्करलेली ही जबाबदारी आज कायद्याने प्रत्येक अशा इमारतीवर आली आहे.