बारीकसारीक वेचणारा माणूस : रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप



स्मरणिकेत थोरामोठ्यांची चरित्रे येतात ती बहुधा राजे-राण्यांची, संतांची नाहीतर देशभक्तांची. यंदा मी जरा निराळ्या माणसाची हकीकत सांगणार आहे. ते गृहस्थ आपल्या देशाचे नव्हते, आपल्या धर्माचेही नव्हते. पण महाराष्ट्राच्या काळ्या पत्थरात काय दडले आहे हे ज्यांनी आधी मन लावून पाहिले, त्यांत त्यांचे नाव पुढे आहे. नागपुरास त्यांच्या नावाचे कॉलेज आहे. माझ्या मावसबहिणीचा मुलगा तेथे शिकला. त्याने आणून दिलेली पुस्तके दुपारची कामे आटोपल्यावर मी वाचीत गेले. त्यांतून ही माहिती जमली.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडातील डन्स या लहान गावी झाला. वडील गवंडी होते. म्हणजे दगडाशी नाते घरातूनच आले म्हणावयाचे. लहानपणापासून किडे जमविण्याचा नाद होता. पुढे धर्मशिक्षण घेऊन ते पाद्री झाले आणि १८४४ च्या डिसेंबरात पत्नीसह मुंबईच्या बंदरात उतरले. तेव्हा आपल्याकडे आगगाडी नव्हती. ती १८५३ साली सुरू झाली. मजल दरमजल करीत १८४५ च्या फेब्रुवारीत ते नागपुरास पोचले. तेथे भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप साहेब मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी शाळा काढली. धर्मप्रसार हे त्यांचे मुख्य काम. त्याविषयी ज्याचे त्याचे मत निराळे असेल. मी लिहिते आहे ते त्यांच्या दुसऱ्या कामाविषयी.

१८४७ साली रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे पाद्री त्यांच्या मदतीस आले. दोघेही सवड मिळेल तेव्हा नागपूरच्या आसपास पायी हिंडत. १८५१ पासून त्यांच्या हाती एकेक नवल लागू लागले. नागपूरजवळ टाकळी म्हणून गाव होते. आता ते शहरातच आले आहे. तेथल्या दगडाच्या थरात त्यांना गोड्या पाण्यातले बारके शंख, फळे, बिया, किड्यांच्या पाठीवरची टणक पंखझाकणे असे काय काय सापडले, आणि सगळे दगड झालेले. एरवी कोणी पायाने उडवून दिले असते असे खडे हे दोघे वाकून वाकून वेचीत.

काळ्या पत्थरात हे आले कोठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला रस पुन्हा पुन्हा वर आला, दूरवर पसरला आणि थिजून पत्थर झाला. आपला महालक्ष्मीचा डोंगर त्याच पत्थराचा. पण हा रस एकसारखा वाहत नव्हता. एक लोट निवला की मध्ये पुष्कळ काळ शांततेत जाई. खोलगट जागी पावसाचे पाणी साठून तळी होत. काठाला झाडे उगवत, पाण्यात मासे, बेडूक, गोगलगाई वाढत. मेले की गाळात पुरले जात. मग दुसरा लोट येऊन सारे झाकून टाकी. अळूवडीत पान, पीठ, पुन्हा पान, पुन्हा पीठ असते ना, तसेच. हिस्लॉप आणि हंटर यांनी वेचले ते मधल्या पिठातले.

मुंबईसही असाच थर होता. तेथल्या लहानग्या बेडकांच्या सांगाड्यांना लंडनच्या रिचर्ड ओवेन या पंडितांनी १८४७ साली नाव दिले होते. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे मिळालेली एक चपटी कवटी हिस्लॉप साहेबांनी विलायतेस पाठविली, तीही ओवेन यांनीच ओळखली. बेडकांच्या दूरच्या कुळातला तो प्राणी काळ्या पत्थराहूनही फार जुना. १८५५ साली त्याला जे नाव मिळाले त्याचा अर्थच आखूड तोंडाचा, रुंद डोक्याचा असा होतो. त्याच साली हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूरच्या दगडांवरचा मोठा लेख लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकात छापून आला. कोणता थर कोणावर, कोणती वस्तू कोणत्या गावची, हे त्यांत नीट लिहिले आहे.

हिस्लॉप साहेबांचे लक्ष दगडांवरच होते असे नाही. गोंड लोकांच्या चालीरीती, त्यांची भाषा, त्यांची गाणी हेही त्यांनी टिपून ठेवले. मात्र ते कागद त्यांच्या हातून छापून व्हावयाचे नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते मध्यप्रांताचे कारभारी रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर टाकळघाटची जुनी शिळावर्तुळे पाहावयास गेले होते. परतताना अंधार पडला. पावसाळ्याचे दिवस, ओढ्याला पाणी चढलेले. घोड्यावरून ओलांडताना ते बुडाले. शेहेचाळीसावे वर्ष पुरे व्हावयास चारच दिवस उरले होते. मागे पत्नी आणि मुले. आपण खाडीकाठच्या बाया, चढलेले पाणी काय करते हे आपणांस सांगावयास नको. टेंपल साहेबांनी ते गोंडांविषयीचे कागद १८६६ साली छापून काढले. १८८३ साली हिस्लॉप कॉलेज सुरू झाले.

माणूस गेला की त्याचे काम थांबते असे आपण म्हणतो. येथे तसे झाले नाही. तेलंगणात विकाराबादच्या बाजूला नसकल गाव आहे. तेथेही दोन काळ्या थरांमध्ये तळ्याचा गाळ आहे. प्रसाद आणि साहनी या आपल्या भारतीय शास्त्रज्ञांनी त्यातून काही दात मिळविले. राजगिऱ्याच्या दाण्यापेक्षा फारसे मोठे नव्हेत असे हे दात! ते मिळवावयाची रीत ऐकाल तर आपल्याच घरातली वाटेल. गाळाचे ढेकूळ आधी उन्हात खडखडीत वाळवावयाचे, मग पाण्यात भिजवावयाचे म्हणजे ते विरघळते. कधी आधी रॉकेलही लावतात. मग बारीक चाळणीत धुवावयाचे, उरलेली कणी सुकवावयाची आणि भिंगाखाली ब्रशाच्या टोकाने एकेक कण निवडावयाचा. पोत्यामागून पोते असे निवडावे तेव्हा कोठे चिमूटभर हाडे हाती येतात.

आणि ती ओळखावयाची कशी? माशाच्या कण्याचा मणी डमरूसारखा, दोन्ही बाजूंनी खोलगट. तो आपण ताटात रोज पाहतो. घोळीच्या, ढोमीच्या डोक्यात पांढरे खडे निघतात, तसे माशांचे खडेही असल्या गाळात मिळतात. बेडकाचे हाड बारीक आणि पोकळ. मगरीचा दात सुळ्यासारखा. पण ज्याच्या माथ्यावर उंचवटे आहेत आणि खाली मुळे आहेत, तो दात अंगावर पाजणाऱ्या प्राण्याचा. अशा वरच्या-खालच्या दाढा जात्याच्या दोन तळ्यांसारख्या एकमेकींशी जुळतात.

नसकलचे दात अशाच एका चिचुंद्रीएवढ्या प्राण्याचे होते. त्या काळ्या रसाच्या काळातला पाजणारा प्राणी भारतात तोवर सापडलाच नव्हता. महाकाय सरडे नाहीसे झाले त्या सुमारास आपल्या दख्खनमध्ये हा इवलासा जीव वावरत होता, हे त्या दाण्याएवढ्या दातांवरून कळले. १८८३ च्या कॉलेजाला नाव दिले तसे १९८८ साली या प्राण्यालाही नाव दिले, डेक्कनोलेस्टेस हिस्लॉपी. म्हणजे हिस्लॉपचा दख्खनी चोर! ओढ्यात बुडालेल्या माणसाचे नाव सव्वाशे वर्षांनी एका दाढेवर कोरले गेले.

मला या चरित्रातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. जवळा वाळत घातला की त्यातले खडे, शिंपा, भलतीच मासळी आपण बोटांनी भराभर बाजूला करतो. हे काम कोणी मोजीत नाही. पण बारकी वस्तू नजरेला पडणे आणि ती ही नव्हे, ही दुसरी, असे क्षणात उमगणे ही मोठीच विद्या आहे. हिस्लॉप साहेबांपाशी ती होती, आणि शिवाय दुसरी एक सवय होती. वस्तू कोठून उचलली ते ते लिहून ठेवीत. जागा ठाऊक नसलेले हाड शास्त्रज्ञाला मुके असते.

म्हणून एक सुचविते. विहीर खणताना, खाणीवर किंवा किनाऱ्यावर आपल्या मुलांना काही चमत्कारिक दगड, शंख, हाड मिळाले, तर कचरा म्हणून फेकू नका. डबीत ठेवा, आणि आत चिठ्ठी घाला : गाव, जागा, किती खोल, कोणती तारीख. मग शाळेतल्या मास्तरांना नेऊन दाखवा.