मराठी शब्दांचा साठा जपणारा साहेब : जेम्स थॉमस मोल्सवर्थ



'आमचा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे, त्याला मराठी जड जातं,' असं पालक नेहमी सांगतात. अशा वेळी मुलांना एका माणसाची ओळख जरूर करून द्या. त्याची मातृभाषा इंग्रजी होती, तरी मराठी-इंग्रजी शब्दकोश म्हटलं की आजही त्याचंच नाव पुढे येतं.

जेम्स मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात भरती होऊन ते १८१२ साली हिंदुस्थानात आले. तेव्हा ते आपल्या अकरावी-बारावीच्या मुलांएवढे होते. इथे येऊन ते मराठी शिकले. शिकताना मोठी अडचण आली ती ही, की अनोळखी शब्द अडला तर बघायचा कुठे? हाताशी पुरेसा मोठा कोशच नव्हता. म्हणून स्वतःसाठी शब्द टिपून ठेवायला त्यांनी सुरुवात केली. त्यातूनच मोठ्या कोशाची कल्पना आली.

१८२५ च्या सुमारास सरकारने हे काम त्यांच्यावर सोपवलं. जॉर्ज आणि थॉमस कँडी हे जुळे भाऊ मदतीला होते. पण खरा आधार होता तो इथल्या पंडितांचा. लोकांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे, त्यांचे अर्थ तपासायचे, मग वर्णानुक्रमे लावायचे. संगणक नाही, टंकलेखन यंत्रही नाही, सगळं हाताने! १८३१ मध्ये कोश छापून झाला. त्यात फक्त पोथ्यांतले शब्द नव्हते. खेड्यातले, कोकणातले, रोजच्या बोलण्यातले शब्द, म्हणी आणि वाक्प्रचारही होते. आपण ज्याला 'गावंढळ' म्हणून बाजूला सारतो, त्या शब्दालाही त्यांनी जागा दिली. आपल्या वर्गातलं मूल घरची बोली बोललं, तर आधी त्याची चूक काढायची की तो शब्द फळ्यावर लिहायचा, याचा विचार आपण करायला हवा.

मोल्सवर्थ मोठे धार्मिक वृत्तीचे होते. सैनिकाचा पेशा आपल्या श्रद्धेत बसत नाही असं वाटल्यावर त्यांनी नोकरी सोडली. तब्येतही साथ देईना, म्हणून १८३६ मध्ये ते मायदेशी परतले. पुढे इंग्रजी-मराठी कोशाचं काम थॉमस कँडी यांनी पूर्ण केलं. तो १८४७ मध्ये निघाला.

इथे गोष्ट संपली असती. पण मराठी कोशाची सुधारित आवृत्ती काढायची ठरली आणि १८५१ मध्ये, पन्नाशी ओलांडलेले मोल्सवर्थ पुन्हा इकडे आले. १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली, सुमारे साठ हजार शब्दांची. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये तिचा संक्षेप केला. मोल्सवर्थ यांचे अखेरचे दिवस इंग्लंडमध्ये गेले.

हा कोश आज आपल्याला फुकट वापरता येतो. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात तो शोधता येतो. अर्थ इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांना आणि परदेशातल्या मराठी कुटुंबांना त्याचा चांगला उपयोग होतो. एक काळजी मात्र घ्या. यातलं लेखन जुन्या पद्धतीचं आहे, 'करणे' हा शब्द इथे 'करणें' असा अनुस्वारासह दिसेल. म्हणून अर्थासाठी कोश पाहा, शुद्धलेखनासाठी आजचेच नियम शिकवा.

वर्गात करून पाहा :

१. प्रत्येक मुलाने आजी-आजोबांकडून पाच जुने शब्द विचारून आणावेत.
२. प्रत्येक शब्द वेगळ्या चिठ्ठीवर अर्थासह लिहावा.
३. सर्व चिठ्ठ्या गटात बसून वर्णानुक्रमे लावाव्यात.
४. वहीत चिकटवून 'आमच्या वर्गाचा शब्दकोश' तयार करावा.

वर्णानुक्रम, शब्दसंपत्ती, लेखन असं सगळं एकाच उपक्रमात होतं. पालकहो, शब्द विचारायला मूल आलं तर दोन मिनिटं मोबाईल बाजूला ठेवून त्याच्याशी बोला. आजीसोबत शब्द जाऊ द्यायचे नसतील, तर ते आत्ताच टिपून घ्यायला हवेत.