लक्ष्मीबाई टिळक : स्वतःच्या पायांनी चाललेली वाट

आपल्या भाषेत 'मंडळी' हा शब्द मोठा मायेचा आहे. घरची माणसे ती घरची मंडळी. लग्नाला आलेली ती वऱ्हाडी मंडळी. जुन्या पिढीतला नवरा बायकोविषयी बोलतानाही 'आमची मंडळी' असेच म्हणतो. मराठी ख्रिस्ती समाजात प्रार्थनेसाठी एकत्र येणाऱ्या श्रद्धावंतांच्या समूहालाही मंडळीच म्हणतात. लक्ष्मीबाई टिळक यांचे जीवन म्हणजे एका मंडळीतून दुसऱ्या मंडळीत जाण्याची कहाणी आहे. ही वाट फार लांबची नव्हती, नाशिकपासून नगरपर्यंतचीच. पण ती चालायला त्यांना पाच वर्षे लागली. त्या पाच वर्षांविषयीच मला विशेष लिहावेसे वाटते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. 'स्मृतिचित्रे'ची लेखिका कधी शाळेत गेलेली नव्हती, हे कळल्यावर मला पुस्तकाआधी त्या बाईविषयीच आपुलकी वाटू लागली. माझ्या आजीला सही करता येत नाही, पण ती बोलू लागली की ओसरीवरची माणसे उठत नाहीत. लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र वाचताना मला वारंवार आजीचा आवाज ऐकू येत होता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूर या गोदाकाठच्या गावी झाला. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरात सारे मनूच म्हणत. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांनी फाशी दिले. त्या प्रसंगाचा लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर असा परिणाम झाला, की त्यांना सोवळ्याने पछाडले. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसे. कोणाची सावली पडली, कोणाचा हात लागला, याच्याच धाकात घरातली बायकामुले दिवस काढीत. जी मुलगी पुढे सर्व जातींच्या माणसांत जाऊन बसणार होती, ती अशा घरात वाढली हे ध्यानात ठेवले म्हणजे तिच्या प्रवासाची लांबी कळते.

वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि मनूची लक्ष्मी झाली. टिळक हे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१ चा. ते कवी होते, संस्कृतचे जाणकार होते, वक्ते होते. आणि संसारी माणूस म्हणून तितकेच बेभरवशाचे! आज येथे नोकरी, उद्या तेथे. मनात आले की न सांगता निघून जात. हातातले पैसे वाटेत भेटलेल्या गरजूला देऊन मोकळे होत. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख झाली ती मात्र याच नवऱ्यामुळे. दोघांची भांडणे होत, रुसवे होत आणि पुन्हा गोडीही होई. त्या साऱ्याचे वर्णन त्यांनी इतक्या मोकळ्या हसऱ्या वृत्तीने केले आहे, की दुःखाचे पान वाचतानाही ओठांवर हसू येते.

टिळकांच्या मनात धर्माविषयी अनेक वर्षे तळमळ होती. राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपीय गृहस्थ भेटले. त्यांनी टिळकांना बायबलचा नवा करार वाचायला दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळकांच्या मनाची पकड घेतली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या काळी ब्राह्मणाने ख्रिस्ती होणे म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने जिवंतपणीच मरणे होते. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू आहे, पण संसार मात्र संपला! लक्ष्मीबाई तेव्हा ऐन पंचविशीत होत्या आणि मुलगा दत्तू चार वर्षांचाही नव्हता. दुःखाने त्यांचे भान हरपले. नातेवाइकांनी त्यांना सांभाळले, काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. मनातला कढ कोणाला सांगावा हे कळेना, तेव्हा त्या कविता रचू लागल्या. पुढे मराठी साहित्याला जी लेखिका मिळाली, तिची पहिली अक्षरे अशी विरहाच्या दिवसांत उमटली.

काही वर्षांनी दत्तूला घेऊन त्या नवऱ्याकडे राहायला गेल्या. तेव्हाचे अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालू होते. लक्ष्मीबाई गेल्या, पण धर्म न सोडता. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. एका संसारात दोन धर्म नांदू लागले. टिळकांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. ते थांबले. एरवी कशासाठीच न थांबणारा हा माणूस या एका गोष्टीसाठी थांबला, याचे मला फार मोल वाटते. आपल्याकडे नवऱ्याचे मत तेच बायकोचे मत असे घरोघर धरून चालतात, मतदानाच्या दिवशीसुद्धा! लक्ष्मीबाईंनी तसे धरू दिले नाही आणि टिळकांनीही धरले नाही.

मग बदल झाला कसा? तो वादविवादाने झाला नाही. लक्ष्मीबाईंच्या मनाने एक साधा प्रश्न घेतला. देवाने माणूस निर्माण केला, पण जाती कोणी निर्माण केल्या? पशुपक्ष्यांत असा भेद नाही, मग माणसांतच तो कोठून आला? विचार करता करता हे भेद माणसाचेच काम आहे, याविषयी त्यांची खात्री झाली. आणि खात्री झाली त्याच क्षणी त्यांनी ठरवले, की यापुढे कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे. येथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. तेव्हा त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी भिंत पडली. श्रद्धा नंतर आली. टिळकांना ख्रिस्त पुस्तकात भेटला, तर लक्ष्मीबाईंना तो माणसांत भेटला, असे मला वाटते. १९०० साली त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचा खरा अर्थ कळायला त्या मंडळीत कोण होते हे पाहिले पाहिजे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती झालेल्या लोकांत बहुसंख्य माणसे गावकुसाबाहेरची होती, महारवाड्यातील, मांगवाड्यातील. ज्यांची सावलीही वडिलांच्या अंगणात चालली नसती, त्यांच्या मांडीला मांडी लावून आता लक्ष्मीबाई प्रार्थनेला बसणार होत्या. प्रभुभोजनाच्या विधीत त्या सर्वांबरोबर भाकर घेणार होत्या. तत्त्व म्हणून समता मान्य करणे सोपे असते. पंक्तीला बसल्यावर मात्र तिची परीक्षा होते.

ही परीक्षा १९०० सालीच संपली असे कोणी म्हणू नये. आमच्या आळीत भाड्याने राहायला आलेले एक ख्रिस्ती कुटुंब आहे. चाकणच्या कारखान्यांमुळे आपल्या भागात नगर-मराठवाड्याकडून पुष्कळ माणसे आली, त्यांतलेच हे. नाताळात त्यांच्याकडून करंज्यांची ताटली घरोघर येते. काही घरांत ती कौतुकाने खाल्ली जाते. काही घरांत ती दार लावून गाईपुढे ठेवली जाते. ताटली मात्र सारी घरे धुऊन हसतमुखाने परत करतात! लक्ष्मीबाईंच्या चरित्रातील पाण्याचा तांब्या मला जुना वाटला नाही, तो यामुळे.

मंडळीत सामील होणे म्हणजे नाव नोंदवणे नव्हे. लक्ष्मीबाईंनी ते आपलेपण कष्टाने मिळवले. दुष्काळात अनाथ झालेली मुले टिळकांच्या घरी आश्रयाला आली. टिळक मुलांना घरी आणीत. त्यांना जेवू घालणे, न्हाऊ घालणे, दुखणीखुपणी काढणे लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. प्लेगच्या दिवसांत माणसे आप्तांना टाकून पळत होती, तेव्हा त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. वडिलांच्या घरी ज्या हातांना सतत धुण्याची सवय लावली होती, तेच हात आता दुसऱ्यांच्या जखमा धुऊ लागले. त्यांच्या घराचे दार ख्रिस्ती नसलेल्यांनाही उघडे होते. बालकवी ठोमरे तरुणपणी याच घरात राहिले आणि त्यांना लक्ष्मीबाईंकडून आईची माया मिळाली.

नव्या मंडळीत त्यांना परके वाटू नये म्हणून आणखी एक गोष्ट उपयोगी पडली असावी. ती म्हणजे भाषा. रेव्हरंड टिळकांनी मराठी उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले. परदेशी चालींवरच्या गीतांबरोबर टाळ-मृदंगाचा नाद प्रार्थनेत मिसळला. ज्ञानोबा-तुकोबांच्या वळणाने ख्रिस्ताची भक्ती होऊ लागली. पंढरपुरात राहून आलेल्या बाईला हा सूर ओळखीचाच होता. धर्म बदलला तरी मातीशी असलेले नाते तोडावे लागत नाही, हे टिळक दांपत्याने दाखवून दिले. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनी एकत्र यावे, हा त्यामागचा हेतू होता.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. पन्नाशीच्या लक्ष्मीबाई एकट्या पडल्या. पण १८९५ साली एकट्या पडलेली बाई वेगळी आणि ही वेगळी. या वेळी त्यांच्या पाठीशी स्वतःची श्रद्धा होती आणि स्वतः जोडलेली माणसे होती. टिळकांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते पूर्ण केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीने पंडित नवऱ्याचे काव्य पुरे करावे, याहून मोठी पदवी कोणते विद्यापीठ देणार? 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंची जीवनयात्रा संपली. 'ख्रिस्तायन' छापलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ते १९३८ साली प्रकाशित झाले.

आपल्याच जिल्ह्यात केडगाव येथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. रमाबाई शास्त्रे पढून, विलायतेला जाऊन ख्रिस्ती श्रद्धेपर्यंत पोहोचल्या. त्यांची वाट विदुषीची. लक्ष्मीबाईंची वाट चुलीवरून, पाणवठ्यावरून गेली. पहिली वाट पाहून आदराने मान झुकते. दुसरी वाट पाहिली की आपणही चार पावले टाकू शकू असा धीर येतो.

कोणी कोणत्या देवाला भजावे हे सांगण्यासाठी मी हे लिहिलेले नाही. मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी पुष्कळ जण घरातले पहिलेच शिकणारे आहोत. वर्गात, वसतिगृहात, उद्या नोकरीच्या गावी आपल्यालाही नवी मंडळी शोधावी लागणार आहे. आपल्याला कोणी जवळ घेईल का, याची काळजी प्रत्येकाला असते. आपण कोणाला जवळ घेऊ, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी स्वतःला विचारतो. लक्ष्मीबाईंनी तो विचारला, उत्तरासाठी पाच वर्षे घेतली, आणि उत्तर मिळाल्यावर समोरच्या माणसाच्या हातचे पाणी प्यायल्या.